रिकाम्या कोपऱ्याला पास

बॉल आला तेव्हा प्रांजलच्या उजव्या हातात भडंगाचा पुडा होता. तिनं डाव्या हातानं बॉल झेलला. पुड्यातला एक शेंगदाणासुद्धा जागचा हलला नाही.

पाऊस सातारी होता. म्हणजे, पडतोय म्हणावं तर अंग भिजत नाही, आणि नाही म्हणावं तर चष्मा पुसावा लागतो. मैदानाच्या कोपऱ्यापाशी, फाटक्या जाळीला टेकून ती रिक्षाची वाट बघत होती. मूळची कवठे महांकाळची, भूमी अभिलेख खात्यात भूकरमापक. लोकांच्या जमिनी मोजायच्या आणि दोन्ही भावांच्या शिव्या खायच्या, हे काम. साताऱ्यात बदलून येऊन तिला तीनच आठवडे झाले होते.

जाळीच्या भोकातून एक उंच पोरगा वाकून बाहेर आला. केसांतून पाणी निथळत होतं.

"लागला न्हाई न्हवं?"

"न्हाई. कुणाला देत होता?"

"धैर्यशीलला."

प्रांजलनं मैदानाकडं बघितलं. त्या कोपऱ्यात कुणीच नव्हतं. एक कुत्रं होतं, पण त्याचं खेळाकडं लक्ष नव्हतं.

"कुठं हायती ते?"

"सांगलीला."

"मग जोर कमी पडला," ती अगदी गंभीरपणे म्हणाली. "सांगली हितनं एकशेवीस किलोमीटर हाय."

तो हसला नाही. त्यानं त्यावर क्षणभर विचार केला, "व्हय," म्हणाला, आणि बॉल घेऊन परत गेला. जाताना मात्र दोनदा मागं वळून बघितलं. तिसऱ्यांदा वळला तेव्हा खांबावर आपटला.

प्रांजलनं त्या दिवशी दोन रिक्षा सोडल्या.

*

त्या पोराचं नाव शिवतेज. दिवसा एमआयडीसीतल्या कारखान्यात आणि संध्याकाळी अपराजित क्रीडा मंडळाच्या बास्केटबॉल संघात. मंडळाचं नाव अपराजित होतं आणि ते सलग अकरा सामने हरलं होतं. पेपरात एकदा 'अपराजितचा अकरावा पराभव' असं छापून आलं, तेव्हा अध्यक्ष आप्पासोंनी ते कात्रण फ्रेम करायला दिलं होतं. पेपरात नाव आलं होतं ना, मग झालं.

धैर्यशील होता तोवर असं नव्हतं. तो उडी मारायचा आणि त्याला खाली यायची घाई नसायची. डाव्या कोपऱ्यात उभा राहून बॉल सोडला की तो रिंगमधून असा जायचा, जसा घरचा माणूस घरात जातो. प्रशिक्षक कोंडीबा हे फौजेतले निवृत्त सुभेदार. त्यांच्याकडं दोन डावपेच होते. पहिला : बॉल धैर्याला द्या. दुसरा : धैर्या मोकळा नसेल तर जरा थांबा, आणि मग धैर्याला द्या. या दोन डावपेचांवर संघ सहा वर्षं जिंकत होता.

मग चैत्रात सांगलीजवळच्या माधवनगरच्या एका क्लबनं धैर्यशीलला नोकरीसकट सांगलीला नेलं. मंडळानं त्याला फेटा, नारळ आणि मोठा फ्लेक्स देऊन निरोप दिला. फ्लेक्स अजून मैदानावर होता. बाहेरचे संघ सामना जिंकून त्याच्यासमोर फोटो काढून घ्यायचे.

धैर्यशील गेला, पण सवय गेली नाही. संध्याकाळी सराव चालायचा, बॉल हातोहात फिरायचा, शिवतेजकडं यायचा, आणि शिवतेज न बघता डाव्या कोपऱ्याला फेकायचा. नऊ वर्षं, शाळेपासून, त्याचा हात तेवढंच करत होता. बॉल रिकाम्या कोपऱ्यातून, जाळीच्या भोकातून, सरळ प्रांजलच्या हातात.

ती रोज तिथंच उभी राहायची. पुढच्या चौकात रिक्षा लवकर मिळतात, हे तिला पहिल्याच आठवड्यात कळलं होतं. पण सरकारी माणूस एकदा जागेवर बसला की सहसा हलत नाही.

"आज नऊ आले," ती एकदा म्हणाली.

"काल अकरा होते. सुधारणा हाय," शिवतेज म्हणाला.

"तुमच्यात त्या कोपऱ्याचा ताबा कुणाकडं हाय?"

"धैर्याकडं… म्हंजे, होता."

"माणूस गाव सोडून गेला, तरी वहिवाट त्याचीच?" ती हसली. हसताना ती मान थोडी डावीकडं कलती करायची. शिवतेजनं पुढचे तीन पास त्यामुळं उजवीकडं दिले.

दर सोमवारी ती घरून येताना सांगलीचं भडंग आणायची. पहिल्यांदा तिनं पुडा पुढं केला, तेव्हा शिवतेजनं तो घेतला, "थँक्यू" म्हणाला, आणि मागं वळून पोरांकडं दिला. पोरांनी अर्ध्या मिनिटात कागदसुद्धा चाटला.

"तुमी?" प्रांजलनं विचारलं.

"त्यांनी खाल्लं की."

"मी त्यांना दिलं हुतं व्हय?"

शिवतेजनं पोरांच्या हातातल्या रिकाम्या कागदाकडं बघितलं. आयुष्यात हातात आलेली वस्तू स्वतःजवळ ठेवायची असते, हा विचारच त्याला नवीन होता.

"आणि रिंगवर तुमी कवाच का मारत न्हाई?" ती म्हणाली. "महिनाभर बघतीया. एकदा पण न्हाई."

मग त्यानं सांगितलं. दहावीत असताना, शाळेच्या फायनलला शेवटचा शॉट त्याच्याकडं आला होता. त्यानं बॉल सोडला. बॉल हवेत असतानाच आप्पासोंनी गुलाल उधळला. बॉल रिंगला लागून बाहेर आला. गुलालानं माखलेली अख्खी पेठ हरून घरी गेली. आठवडाभर लोकांच्या कानांतून गुलाल निघत होता आणि प्रत्येक जण कान कोरताना शिवतेजचं नाव घेत होता.

प्रांजलला हसू आवरेना. पण त्याचा चेहरा बघून तिनं ते आवरलं.

"एक सांगू? आमचं घर मेंढरांमागं फिरलेलं. चुकलेलं कोकरू किती पावलांवर हाय, हे माझे वडील, आण्णा, नुसतं बघून सांगत्यात. माझी नजर त्यांचीच." तिनं मैदानाकडं बोट केलं. "तुमी जिथनं पास देता, तिथनं रिंग पावणेसात मीटर हाय. आणि त्यो कोपरा साडेनऊ मीटर. जवळचं सोडून लांब कशाला जाताय?"

शिवतेज तिच्याकडं बघत राहिला. रिंगपेक्षाही जवळ, हातभर अंतरावर ती उभी होती. तो काहीतरी बोलणार होता… तेवढ्यात रिक्षा आली. साताऱ्यात नको तेव्हा रिक्षा बरोबर येते.

*

दसऱ्याच्या आधी आप्पासोंनी बैठक घेतली. मैदानाशेजारी त्यांचं मंगल कार्यालय होतं आणि वऱ्हाडाच्या गाड्या लावायला जागा नव्हती.

"पोरांनो, माझं काळीज तुटतंय," आप्पासो म्हणाले, "पण माधवनगरच्या स्पर्धेत पहिलीच मॅच धैर्यशीलच्या टीमबर आलीया. हरला तर दिवाळीनंतर मैदानातलं खांब काढायचं. पार्किंगला नाव मात्र अपराजितच ठेवू."

त्याच रविवारी धैर्यशील साताऱ्याला आला. केस कापायला. सांगलीच्या न्हाव्यावर त्याचा अजून विश्वास बसला नव्हता. जाळीपाशी त्याला प्रांजल दिसली.

"शिवा, कोण रं ती?"

"प्रांजल. मोजणीत हाय."

"लय भारी हाय गड्या. जरा इचारून बघ की माझ्यासाठी."

आणि शिवतेज… बॉल हातात आला की डाव्या कोपऱ्याला, हे नऊ वर्षांचं वळण… "इचारतो," म्हणून मोकळा झाला. रात्रभर तळमळला, पण सकाळी उठून पाठच केलं.

सोमवारी पाऊस नव्हता. स्वच्छ ऊन होतं, त्यामुळं त्याचा चेहरा लपण्याची सोय नव्हती.

"एक इचारायचं हुतं."

प्रांजलनं ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं. एक वेढा, दोन वेढे. "इचारा की."

"आमचा धैर्या… पोरगा चांगला हाय. नोकरी हाय. तुमची… म्हंजे तुमची काही हरकत…?"

ओढणीचे वेढे सुटले. मग हातातला भडंगाचा पुडा तिनं परत पिशवीत ठेवला.

"तुमच्या मनात काय हाय, ते न्हाई सांगायचं?"

"माझं… माझं काय…"

"मी बॉल न्हाई, शिवतेज," ती शांतपणे म्हणाली. "मला हिकडनं तिकडं देऊ नका. उद्यापासनं मी पुढच्या चौकात रिक्षा धरीन. तिथं लवकर मिळतीया. पहिल्या आठवड्यापासनं ठावं हाय मला."

ती गेली. त्या संध्याकाळी जाळीच्या भोकातून सात बॉल बाहेर गेले. सातही रस्त्यापलीकडच्या गटारातून आणावे लागले.

*

माधवनगरला सामना शनिवारी दुपारी होता. जुन्या गिरणीच्या भिंतीलगतचं मैदान, ऊन भाजणारं, आणि शेजारी हळदीची पोती भरलेला एक टेम्पो उभा. ड्रायव्हर टपावर बसून सामना बघत होता.

धैर्यशील सांगलीच्या निळ्या बनियनमध्ये उतरला आणि सवयीनं आपल्या डाव्या कोपऱ्यात जाऊन उभा राहिला. आणि साताऱ्याच्या पोरांनी जे केलं, ते भूतलावर फक्त साताऱ्याचीच पोरं करू शकतात. त्यांनी पहिल्या दहा मिनिटांत धैर्यशीलला तीन वेळा पास दिला. समोरच्या संघातल्या धैर्यशीलला. हातात, व्यवस्थित, आपुलकीनं.

"थँक्यू, शिवा," तिसऱ्या वेळी धैर्यशील म्हणाला. मनापासून म्हणाला.

हाफटाइमला सातारा चौदा पॉइंटांनी मागं होतं. आप्पासो फोनवर फरशीवाल्याशी पार्किंगचं बोलत होते. कोंडीबांनी पोरांना गोळा केलं. सहा वर्षांत त्यांनी तिसरा डावपेच काढला नव्हता. आज काढला.

"जवानो," ते म्हणाले, "धैर्या को बॉल मत देना."

पोरं थक्क झाली. असंही खेळता येतं, हे कुणाच्या मनातच आलं नव्हतं.

त्याच वेळी शिवतेजला ती दिसली. डाव्या कोपऱ्याच्या मागं, रेषेबाहेर, खांद्याला प्रवासाची बॅग. शनिवार होता. कवठे महांकाळची वाट सांगलीवरूनच जाते. पण सांगलीच्या स्टँडवरून माधवनगरला कुणी चुकून येत नाही.

तो तिच्याकडं निघाला, तोवर शिट्टी वाजली.

दुसऱ्या अर्ध्यात पोरं वेड्यासारखी पळाली. बॉल डावीकडं सोडून बाकी सगळीकडं जाऊ लागला आणि तिकडं माणसं निघाली, हे विशेष. चौदाचे नऊ झाले, नवाचे चार. टपावरचा ड्रायव्हर उभा राहिला. आप्पासोंनी फरशीवाल्याला "मागनं लावतो" म्हणून फोन ठेवला. चोपन्न-पंचावन्न. एक पॉइंट मागं, आठ सेकंद बाकी, आणि बॉल शिवतेजच्या हातात.

त्याच्या अंगावर कुणीच आलं नाही. का येतील? धैर्यशीलनं आपल्या संघाला सांगूनच ठेवलं होतं, शिवा मारत नसतो. तो स्वतः डाव्या कोपऱ्यात पास अडवायला हात पसरून हसत उभा होता.

शिवतेजची नजर आपोआप तिकडं गेली. कोपऱ्यात धैर्यशील. धैर्यशीलच्या मागं प्रांजल.

प्रांजलनं त्याच्या डोळ्यांत बघितलं… आणि आपले दोन्ही हात पाठीमागं बांधले.

आज इथं कुणी झेलणार नव्हतं.

पावणेसात मीटर, त्याला आठवलं. जवळचं सोडून लांब कशाला?

त्यानं बॉल सोडला.

बॉल रिंगला लागला. मग बोर्डला. मग परत रिंगवर येऊन बसला, आणि तिथं त्यानं नऊ वर्षांचा सगळा हिशोब मनाशी जुळवला असावा, कारण तो चांगला क्षणभर तिथंच फिरत राहिला. आप्पासोंचा हात खिशाकडं गेला आणि थांबला. गुलाल आणलाच नव्हता. जिंकू असं वाटलंच नव्हतं.

बॉल आत पडला.

पुढं काय झालं ते कुणालाच नीट आठवत नाही. कोंडीबा फौजेत कधी रडले नव्हते, ते तिथं रडले. आप्पासो "गुलाल! गुलाल!" म्हणत सैरावैरा धावले आणि शेवटी टेम्पोवर चढून त्यांनी एक पोतं सोडलं. ड्रायव्हरही दोन्ही हातांनी मदत करत होता. गुलाल नाही तर हळद. सांगलीत तिला काय तोटा? बघता बघता सातारा संघ, सांगली संघ, पंच आणि गिरणीची भिंत पिवळी झाली.

त्या पिवळ्या ढगातून धैर्यशील आला आणि शिवतेजला कडकडून भेटला.

"मारला की रं लेका! नऊ वर्स लपवून ठेवलंतास व्हय?" मग कानाशी लागून म्हणाला, "त्या पोरीला इचारलंस का?"

"आता इचारतो," शिवतेज म्हणाला. "पर तुझ्यासाठी न्हाई."

धैर्यशीलनं कोपऱ्याकडं बघितलं, मग शिवतेजकडं. खेळाडू होता, हरलेला सामना त्याला ओळखता यायचा. त्यानं शिवतेजच्या पाठीत एक सणसणीत बुक्की घातली आणि कोपरा मोकळा केला.

प्रांजल अजून तशीच उभी होती. हात पाठीमागं, केसांत हळद, नाकावर हळद.

"मी…" शिवतेज म्हणाला. "इचारायचं हुतं. माझ्यासाठी. माझ्याच साठी."

"परत कुणाला देणार तर न्हाई?"

"न्हाई."

"लिहून द्याल?"

"मोजून घ्या."

तिनं मान डावीकडं कलती केली. "घरला यायला लागंल. आण्णांना इचारायला. बिराप्पा म्हणत्यात त्यांना. ते लय कमी बोलत्यात आणि लांबनंच माणूस वळखत्यात."

"किती लांबनं?"

"हितनं तुमी दिसला असाल त्यांना."

मागून आप्पासोंचा आवाज आला. दोघांच्या अंगावरची हळद बघून ते म्हणाले, "खांब राहू द्यात. कार्यालय मी देतो. वऱ्हाडाच्या गाड्या लागतील रस्त्याला!" आणि कोंडीबांनी खाडकन सॅल्यूट ठोकला.

संध्याकाळी सांगलीच्या स्टँडवर एका फलाटावर साताऱ्याची गाडी होती, दुसऱ्यावर कवठे महांकाळची. शिवतेज दुसऱ्या गाडीपाशी खिडकीखाली उभा होता. प्रांजलनं खिडकीतून ताजा भडंगाचा पुडा त्याच्या हातात दिला. बोटं लागली. कुणीच ती घाईनं काढून घेतली नाहीत.

"उद्या रविवारी हितनं आमच्या गावाला पावणेदहाची बस हाय," ती म्हणाली. "चुकवू नका."

पलीकडच्या गाडीतून पाच पिवळी डोकी बाहेर आली. "शिवा! भूक लागलीया! हिकडं पास कर की!"

शिवतेजनं पुडा दोन्ही हातांनी छातीशी धरला. एक मूठ भरली, तिच्याकडं बघत बघत तोंडात टाकली, आणि सावकाश, शेवटच्या शेंगदाण्यापर्यंत, सगळं भडंग एकट्यानं खाल्लं.