खिशातले दोन सेल

त्याने तिच्या कॅमेऱ्यातला सेल चार बोटं उंचीवरून दुकानाच्या काउंटरवर सोडला. सेल टुणकन उडाला, काचेच्या कडेवर आपटला आणि थेट तिच्या उघड्या पिशवीत जाऊन पडला.

"मेलाय," तो म्हणाला. "मेलेलेच असे उड्या मारतात."

ती दचकली. तिच्या कामाच्या ठिकाणी हा शब्द दिवसातून वीस वेळा कानावर पडे. पण तिथे कुणी उड्या मारत नसे.

"आणि जिवंत असला तर?"

त्याने डब्यातून नवा सेल काढला, तसाच सोडला. ठप्प. जागच्या जागी उभा राहिला. "आतून भरलेला असला की असा पाय रोवून उभा राहतो. माणसासारखंच आहे." मग तिने काढून ठेवलेला दुसरा सेल त्याने उचलला आणि हात झटकला. "अहो, केवढा गार! बर्फाच्या कारखान्यात फोटो काढता की काय?"

"हो… म्हणजे, तसंच काहीतरी. गोदाम आहे. थंड."

"फळांचं?"

"…हं."

खोटं बोलायचं तिच्या मनात नव्हतं. पण याआधी दोनदा असं झालं होतं, की तिने खरं सांगितलं आणि टेबलावरचा समोरचा हात अलगद मागे गेला. ती मोठ्या हॉस्पिटलच्या मागच्या इमारतीत, शवागारात काम करायची. ज्यांची ओळख पटलेली नाही अशांचे फोटो काढायचे, ते एका जाड अल्बममध्ये लावायचे, आणि हरवलेल्या माणसाचा शोध घेत येणाऱ्याला कारकुनाने खिडकीतून तो अल्बम दाखवायचा. सात दिवसांत कुणी आलं नाही, तर गाडी येऊन माणूस घेऊन जाई. मागे फक्त फोटो उरे.

"ऐका," तो आता रंगात आला होता. "साधे सेल डिजिटल कॅमेऱ्यात दोन घटकांचे पाहुणे. चार्जिंगचे बरे, पण गारठ्यात तेही लवकर मान टाकतात. तुम्ही लिथियमचा जोड घ्या, थंडीत तोच तग धरतो. आणि चार्जिंगचा एक जोड जास्तीचा."

"दोन्ही जोड गेले तर?"

"दोन्ही एकदम नाही जात हो."

"जातात."

त्याने मान वर करून तिच्याकडे पाहिलं. ती थट्टा करत नव्हती. "मग तिसरा जोड घ्या."

"तिसराही गेला तर?"

"मग मला हाक मारा. मी येतो घेऊन."

ती हसली. किती दिवसांनी, हे तिचं तिलाही सांगता आलं नसतं. सेल बांधून देण्याआधी त्याने प्रत्येकावर निळ्या पेनने बारीक आकड्यांत तारीख घातली आणि म्हणाला, "जास्तीचे सेल आतल्या खिशात ठेवा, अंगाच्या उबेला. थंडीत सेल मरत नाही, नुसता झोपतो. पाच मिनिटं ऊब द्या, उठून बसतो."

तिचं हसू मावळलं. "हे मला कुणी हिवाळ्यात सांगितलं असतं तर…"

"तर काय?"

"काही नाही."

गेल्या हिवाळ्यात ती कामाला लागून तीनच आठवडे झाले होते. एक म्हातारा माणूस आला होता. बाकावर बसल्या बसल्या गेलेला. पहिल्या दिवशी काढलेला त्याचा फोटो हलला, चेहरा ओळखू येईना. पुन्हा काढायचा, पुन्हा काढायचा म्हणता राहून गेला. सातव्या दिवशी सकाळी गाडी दाराशी येऊन उभी राहिली तेव्हा ती कॅमेरा घेऊन धावली, आणि सेल संपून कॅमेऱ्याने डोळा मिटला. म्हाताऱ्याच्या वस्तूंचं पारदर्शक पाकीट तिथेच उशाशी होतं. रुमाल, कंगवा, आणि दोन सेल. कॅमेऱ्याला लागतात तेच, तेवढेच.

"काका, हे घेऊ?" तिने कारकुनाला विचारलं होतं.

"सीलबंद पाकीट आहे, बाई. माझ्या नोकरीवर उठलीस का?"

तिने हट्ट धरला नाही. गाडी गेली. फोटो नाही म्हणून अल्बममध्ये पान नाही. कुणाचा तरी बाप, कुणाचा तरी नवरा जगातून असा पुसला गेला, जसा नव्हताच. तेव्हापासून कचेरीच्या सेलांवर तिचा भरवसा उरला नव्हता. स्वतःचे सेल ती स्वतः विकत घेई.

हळूहळू ती दर आठ-दहा दिवसांनी दुकानात येऊ लागली. तेवढे सेल कुठलाच कॅमेरा खात नाही, हे दोघांनाही ठाऊक होतं.

"आली बर्फवाली!" तो दुरूनच म्हणायचा. "दाखव हात. …अरे बापरे. तुला माणूस म्हणू की कुल्फी?"

"आणि तुमचे हात? नुसते तापलेले. चार्जरमध्ये झोपता वाटतं?"

"कुणी खिशात ठेवून घेत नाही ना, मग आपली आपणच ऊब धरायची."

"जागा नाही माझ्या खिशात. तुमच्याच सेलांनी भरलाय."

मग दोघंही उगाच काउंटरवरच्या काचेकडे बघत. दुकानाच्या वरच त्याचं घर होतं. लाकडी जमिनीवरून मधूनच काठीचा ठक् ठक् आवाज येई, तसा तो ओशाळून म्हणे, "आई आहे. गुडघ्यांमुळे खाली येता येत नाही, पण कान शाबूत आहेत. रोज विचारते, खालून हसू ऐकू येतं ती मुलगी कोण? वर आण की तिला!"

"मग?"

"मग… तू म्हणशील तेव्हा."

ती सेल पिशवीत टाकून निघे. दुकानाच्या काचेवर आतून एक पत्रक चिकटवलेलं होतं. त्याचे वडील. हे दुकान त्यांनीच थाटलेलं. म्हातारपणी त्यांची स्मृती गेली आणि हिवाळ्यातल्या एका सकाळी ते फिरायला म्हणून बाहेर पडले, ते परतलेच नाहीत. पोलिसांत कागद होता, हॉस्पिटलातही कागद असेल. पण कागदाला कागद भेटला नाही. पत्रकातल्या जुन्या फोटोतला माणूस भरघोस मिशांचा, जाड भिंगांच्या चष्म्याचा, तोंड भरून हसणारा. तिने पहिल्याच दिवशी तो निरखून पाहिला होता. ओळखीची काही खूण सापडली नव्हती. हसणारा चेहरा आणि निवलेला चेहरा यांत सख्ख्या भावांइतकंही साम्य नसतं, हे तिच्याइतकं कुणाला माहीत?

एके दिवशी तो काचेवरच्या पत्रकाकडे बघत होता.

"सोमवार," तो म्हणाला. "दर सोमवारी मी जाऊन येतो. हॉस्पिटलच्या मागे एक खिडकी आहे… बेवारस लोकांचे फोटो दाखवतात. तुला किळस येईल ऐकून."

तिचे हात काउंटरखाली गेले. "नाही येत."

"मलाही पहिल्यांदा वाटलं होतं, काय काय बघावं लागेल. पण नाही गं. फोटो इतके नीट असतात. केस सारखे केलेले, चादर मानेपर्यंत ओढलेली. जणू झोपेतच आहेत. कोण काढतं कुणास ठाऊक, पण माणूस सभ्य असावा. बघून येताना दर वेळी वाटतं, बाबा त्याच्या हाती लागले असतील, तर निदान धसमुसळेपणा झाला नसेल."

तिला बोलायचं होतं. पण तो पुढे बोलत राहिला. "सगळं विसरले होते बाबा. माझं नाव, घराचा जिना. एक सवय तेवढी सुटली नाही. रोज सकाळी दोन सेल काउंटरवर टाकून बघायचे, तारीख घालायचे आणि शर्टाच्या खिशात ठेवायचे. रस्त्यात कुणाचं अडलं तर द्यायला. त्या दिवशीसुद्धा नेले—"

तो थांबला. "काय झालं? पांढरीफटक पडलीस."

"गार… गार वाटतंय," ती म्हणाली आणि सेल न घेताच निघाली.

दुसऱ्या दिवशी ती वस्तूंच्या खोलीत गेली. अकरा महिन्यांपूर्वीचं पाकीट खालच्या फळीवर होतं. तिने ते उजेडात धरलं. सेलावर निळ्या पेनचे बारीक आकडे होते. इंग्रजी चारचा आकडा वरून उघडा. मुलगाही चार तसाच काढायचा.

"ते आता जळायला जाणार," कारकून मागून म्हणाला. "महिनाअखेरीला वर्ष भरतंय. वारस आला तर ठीक, नाहीतर भट्टी."

म्हणजे गप्प बसायचं म्हटलं तर काहीच करावं लागणार नव्हतं. पाकीट जळेल. तो दर सोमवारी खिडकीशी येत राहील, तिचे फोटो बघत राहील, संध्याकाळी तिच्या हातांना कुल्फी म्हणत राहील. पुढेमागे ती जिना चढून वर जाईल. त्या घरात, जिथे एक म्हातारी नवरा परतेल म्हणून दाराला अजून कडी लावत नाही, ती सून म्हणून वावरेल, आणि रोज रात्री ते दार नुसतं लोटलेलं बघेल.

तीन सोमवार गेले. चौथ्या सोमवारी तो खिडकीशी उभा राहून अल्बमची पानं उलटत होता, तेव्हा आतलं दार उघडून ती बाहेर आली. पांढरा डगला, गळ्यात कॅमेरा, हातात पाकीट.

"बर्फवाली?" तो अर्धवट हसला. "तू इथे कशी…"

"फोटो मी काढते," ती म्हणाली. "फळांचं गोदाम नाहीये. आणि… एक फोटो या अल्बममध्ये नाही. तो माझ्या हातून राहिला."

तिने सगळं सांगितलं. हललेला फोटो, दाराशी गाडी, मिटलेला कॅमेरा. एकही शब्द गाळला नाही. शेवटी म्हणाली, "हे सेल तिथेच होते. हाताच्या अंतरावर. मी घेतले नाहीत. आणि तीन आठवड्यांपासून मला माहीत होतं, तरी मी तुमच्यासमोर हसत बसले."

त्याने पाकिटाकडे पाहिलं. आकडे वाचले. चेहऱ्यावरचं एकेक काही विझत गेलं.

"हाताच्या अंतरावर," तो म्हणाला. आणि वळून बाहेर निघून गेला.

बाहेर पाऊस नव्हता, ऊनही नव्हतं. नुसतं मळकट आभाळ होतं. अंगणातल्या बाकावर तो पाठमोरा बसलेला तिला खिडकीतून दिसत होता. तासभर तो हलला नाही. तिनेही डगला काढला नाही, की पाकीट खाली ठेवलं नाही.

मग तो आत आला. तिच्याकडे न बघता कारकुनाला म्हणाला, "कुठे सही करायची?"

"इथे वारसाची. आणि इथे घरच्या आणखी एका माणसाची. वस्तू ओळखल्या म्हणून. आई आहेत ना? त्यांना घेऊन या."

"आईला जिना उतरवत नाही. आणि तिला… इथे नाही आणणार मी." त्याने न वळताच तिच्याकडे बोट केलं. "हिची सही चालेल?"

"ही? अहो, ही तर आमची फोटोवाली. घरचं माणूस लागतं. नातं काय लिहू मी?"

कारकुनाचा पेन नात्याच्या रकान्यावर थांबला होता. ती म्हणणार होती, राहू दे, मी दुसरी काहीतरी सोय करते.

"घरची लिहा," तो म्हणाला. आवाज कोरडाच होता. "राग आहे माझा. फार आहे. लवकर जायचा नाही. पण… घरची लिहा."

तिची बोटं इतकी गार पडली होती, की सही वाकडीतिकडी आली.

पाकिटाचं सील फुटलं. रुमाल, कंगवा त्याने पिशवीत टाकला. सेल हातात घेतले आणि सवयीने एक सेल खिडकीच्या कठड्यावर, चार बोटं उंच धरला. ठप्प उभा राहिला, तर त्या दिवशी तो फोटो निघाला असता. उडाला, तर काहीही केलं तरी निघाला नसता. इतक्या महिन्यांत तिला एवढंच जाणून घ्यायचं होतं.

त्याने तिच्याकडे पाहिलं. सेल तसाच मुठीत घेतला.

"हे नाही तपासायचे," तो म्हणाला आणि एक सेल स्वतःच्या शर्टाच्या खिशात ठेवला. दुसरा तिच्या तळहातावर. "ठेव. उबेला."

दुकानापर्यंत दोघं चालत आले. तो थोडा पुढे, ती थोडी मागे. बंद फळ्यांशी येऊन तो थबकला. वर काठी वाजली. ठक्, ठक्. म्हातारी दाराकडे येत होती.

"जिन्यात तू पुढे हो," तो हळूच म्हणाला. "आधी तुला बघू दे. कधीची वाट बघतेय… घटकाभर तरी तिला आनंद होऊ दे."