फळीवरची बॅटरी

बस बुडाल्याचं कळलं तेव्हा मी एका बॅटरीत पाणी भरत होतो. लांजीच्या बस स्टँडसमोर माझं बॅटरी चार्जिंगचं दुकान आहे. कंडक्टर दुलीचंद दारात येऊन उभा राहिला. त्याच्या कपड्यांतून पाणी गळत होतं.

"दादा, गाडी रपट्यावरून नदीत गेली. वहिनी गाडीतच होत्या."

१९६७ चा भादवा होता; नदीवरचा तो बुटका पूल पुराच्या पाण्याखाली होता. अकरा माणसांचे देह सापडले. माझी बायको पुष्पलता सापडली नाही.

दुकानात ती माझ्या बरोबरीने काम करायची. रेडिओची एक सहा व्होल्टची बॅटरी तिची स्वतःची होती. वापर नसला की ती बॅटरी सावलीत लाकडी फळीवर ठेवायची, टोकांना व्हॅसलीन लावायची आणि महिन्यातून एकदा न चुकता चार्जिंगला लावायची. पाणी डिस्टिल्डच. एकदा घाईत मी माठातलं नदीचं पाणी ओतायला गेलो तर माझा हात धरून म्हणाली, "त्यापेक्षा जहर पाजा ना तिले!"

दिवाळीनंतर सासूबाई आल्या.

"जवाईबापू, देह नाही भेटला त पळसाच्या पानाचा पुतळा करून जाळा लागते. माही पोरगी अधांतरी लटकून हाये."

"करतो."

"कधी?"

"तिची बॅटरी बसली की."

"बॅटरीचं काय घेऊन बसले, बापू?"

नुसती पडून राहिलेली बॅटरी चार-सहा महिन्यांत मरते. तिची एक तरी वस्तू माझ्यासमोर मरावी, म्हणजे मला पटेल, असं वाटत होतं. मी त्या बॅटरीला हात लावणं सोडलं.

माघात चार्ज मोजायची काचेची नळी घालून पाहिलं. आतला काटा बाराशे साठवर तरंगत होता. पूर्ण भरलेली.

दुलीचंदला दाखवलं. तो हसला. "ही त माह्या सासूवानी हाये दादा, मराचं नावच नाही घेत." मग माझं तोंड पाहून त्याने आवाज उतरवला. "तुम्हीच चार्ज केली असन. ध्यानात नसन राह्यलं."

असेल, म्हणून मी बॅटरी फळीसकट लोखंडी पेटीत ठेवली. कुलूप लावलं. किल्ली करगोट्याला बांधली. आंघोळीलाही सोडली नाही.

वैशाखात, भर दुपारी, पेटी उघडली. उन्हाने दुकानातल्या बाकी बॅटऱ्यांचं पाणी बोटभर उतरलं होतं. हिच्यात काठोकाठ होतं. टोकांवर व्हॅसलीन ओलं होतं.

रबराचा फुगा दाबून नळीत पाणी ओढलं.

बाराशे साठ.

नळी दारातल्या उजेडात धरली. पाणी गढूळ होतं.

हात हलू दिला नाही. हळूहळू तळाशी वाळू बसली. बारीक, पिवळसर, रपट्याखाली असते तशी.

नदीचं पाणी चालत नाही हे तिला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक होतं. दुसरं पाणी तिच्याजवळ नसेल.

पळसाची पानं मी आणून ठेवली होती. ती सुकून गेली आहेत. पुतळा अजून बांधलेला नाही.