घळीत सांगितलेलं चौथं नाव

ही घडलेली गोष्ट आहे. पटत नसेल तर इथेच थांबा, मला वाद घालायचा नाही.

आणि भूत म्हटलं की अमावस्या शोधणाऱ्यांना आधीच सांगते... यात अंधार नाही. ऑगस्टमधला शनिवार होता. सकाळचे सव्वादहा. ऊन असं लख्ख, की डोळे बारीक करूनच चालावं लागत होतं.

जागा बोत्स्वानातली. त्स्वापोंगच्या डोंगरातली एक घळ. तिचं नाव सांगणार नाही. सांगितलं तर पुढच्याच शनिवारी डबे बांधून निघाल तुम्ही.

मी तिथून दीड तासावरच्या इस्पितळात नर्स आहे. जे मी पाहिलं नाही, ते मुसोंदाने मला सांगितलं. मुसोंदाला खोटं बोलता येत नाही. आयुष्यात एकदाच बोलली, आणि त्या एकदाचंच हे सगळं.

मुसोंदा झांबियाची, कसामा गावची. दोन वर्षांच्या करारावर आमच्याकडे आली होती. तिच्याबरोबर तिची लहानपणची मैत्रीण आली. इस्पितळात तिला सगळे सिस्टर ग्रेस म्हणायचे. पण ते शाळेतलं नाव. जन्मल्यावर, नाळ पडली तेव्हा आईने ठेवलेलं नाव वेगळं होतं. चिलुफ्या.

त्या नावाने तिला दोघीच हाक मारायच्या. आई आणि मुसोंदा.

दोघींचं एकमेकींवाचून पान हलत नसे, आणि भांडणही रोजचं. मुसोंदाचं देवक शेळी, चिलुफ्याचं बिबट्या. त्यांच्याकडे या दोन कुळांनी एकमेकांना टोमणे मारायचे, अशी रीतच आहे.

"ए शेळे, गवत खाल्लंस का?"

"खाल्लं. तू शेपूट आवर, दारात अडकेल."

असं दिवसभर चालायचं.

मुसोंदाची एकच हौस होती. सुट्टीच्या दिवशी जंगल बघायचं. पण तिचं नशीब म्हणजे... काय सांगू! एकदा गाडी तापून बंद पडली. एकदा पाऊस झाला म्हणून अभयारण्याचा रस्ताच बंद. एकदा आठ तास फिरून एका हरणाची पाठ दिसली, तीही पळताना. तीनदा ऐन शुक्रवारी कामाची पाळी बदलली. दोन वर्षांत तिच्या फोनमध्ये फोटो कशाचे? रस्त्यातल्या गाढवांचे.

भाऊ कसामाहून फोन करून चिडवायचा, "काय गं, गाढवं मोजायला ठेवलंय का तुला तिकडे?"

ती हसायची नाही. खरंच चिडायची. ऑक्टोबरात करार संपणार होता. पुन्हा कोण येतंय एवढ्या लांब?

म्हणून घळीचा बेत ठरला. घळीच्या कड्यांवर गिधाडांची वसाहत आहे, शेकडो घरटी. ऑगस्टात पिल्लं असतात. आमच्या लॅबमधला ताफारा आणि त्याची बायको रुम्बी, दोघं झिम्बाब्वेचे, त्यांची गाडी होती. मुसोंदा आणि चिलुफ्या धरून चौघं. चौघंच हवीत, कारण तिथला म्हातारा वाटाड्या रा त्शेको चारांपेक्षा कमी माणसांना आत नेत नाही. एक पडला तर दोघांनी उचलायचा आणि चौथ्याने मदतीला पळायचं. साधा हिशेब.

शनिवारी सकाळी गाडी दारात उभी... आणि चिलुफ्या पांघरुणातून बाहेर येईना.

"मी मेलेय गं. रात्रपाळी करून आलेय. तुम्ही जा."

"चिलुफ्या, ऊठ! तू नसलीस तर तो म्हातारा आत सोडणार नाही."

"मग नका जाऊ. गिधाडंच तर आहेत."

मुसोंदाचं डोकं फिरलं. "दोन वर्षं मी वाट बघतेय! तुझ्या झोपेने माझ्या सगळ्याचं मातेरं केलं!"

"जा गं शेळे," पांघरुणातून आवाज आला. तीही चिडलीच होती.

दार आपटून मुसोंदा निघाली. 

घळीच्या तोंडाशी रा त्शेको काठी घेऊन उभा होता. त्याने माणसं मोजली.

"तीनच?"

इथे मुसोंदा खोटं बोलली.

"चौथी मागून येतेय. दुसऱ्या गाडीने."

ताफाराने तिच्याकडे पाहिलं. पण तोही वैतागलेला होता, गप्प राहिला.

"मग थांबू," म्हातारा म्हणाला.

"ऊन चढलं की गिधाडं उडून जातील ना आजोबा! तुम्ही तिचं नाव सांगून टाका. ती येईलच."

आत शिरण्याआधी तिथे एक रीत आहे. वाटाड्या घळीकडे तोंड करून पूर्वजांना प्रत्येक पाहुण्याचं नाव सांगतो. नाव आणि देवक. आईने ठेवलेलं नाव, कागदावरचं नाही. न सांगता कोणी आत जात नाही.

म्हाताऱ्याने तिला नीट न्याहाळलं. "खरंच येतेय?"

"येतेय म्हटलं ना." मुसोंदाने चौघांची नावं आणि देवकं त्याला सांगितली.

तो वळला. टोपी काढली.

"ताफारा, माकडाच्या कुळातला. रुम्बिझाई, सिंहाच्या कुळातली. मुसोंदा, शेळीच्या कुळातली."

तीन नावं दगडांत विरून गेली.

"चिलुफ्या. बिबट्याच्या कुळातली."

वारा थांबला...

आणि आतून, खूप आतून, कोणीतरी हुंकार दिला.

"प्रतिध्वनी," ताफारा हसला.

पण मग बाकी तीन नावांचा प्रतिध्वनी का आला नाही? हे कोणी विचारलं नाही.

ते आत शिरले. दोन्ही बाजूंना लाल कडे, मधून पाण्याची बारीक धार. पहिल्या डोहाशी रा त्शेकोने मागे वळून पाहिलं आणि मान हलवली.

"आली वाटतं तुमची चौथी."

मागे कोणी नव्हतं.

फक्त दगडावर ओल्या पावलांचे ठसे होते... अनवाणी पावलांचे. या तिघांच्या आणि म्हाताऱ्याच्याही पायांत बूट होते.

"इथल्या पोरांचे असतील," मुसोंदा घाईने म्हणाली आणि पुढे चालू लागली.

दुसऱ्या डोहानंतर वाट चिंचोळी झाली. एकामागे एक चालायचं. रुम्बी शेवटी होती. मुसोंदा मागेच आहे असं समजून तिने चालता चालता पिशवीतला मागविन्या, तो तळलेला गोड गोळा, काढून हात मागे केला.

"घे मुसोंदा."

हातातून गोळा गेला. अलगद.

"काय?" मुसोंदा म्हणाली... पुढून.

रुम्बीने मागे पाहिलं नाही. ती मला म्हणाली, "बघितलं असतं तर मी आज बोलायला उरले नसते." मुकाट्याने ती नवऱ्याला ढकलून त्याच्या पुढे गेली.

मग गिधाडं दिसली.

अहो, काय दृश्य होतं! कड्यावर शेकडो घरटी, पांढरी पिल्लं, आणि मोठी गिधाडं पंख पसरून उन्हात बसलेली. मुसोंदाला दोन वर्षांत पहिल्यांदा हवं ते मिळालं होतं. तिने फोन उचलला. फोटो मोठा करून पाहिला.

एकही गिधाड त्यांच्याकडे बघत नव्हतं.

सगळ्यांच्या माना त्यांच्या मागच्या, रिकाम्या वाटेकडे वळलेल्या होत्या.

"चला परत," ती म्हणाली.

दुपारी दोनच्या सुमाराला ते घळीच्या तोंडाशी आले. निघतानाही रीत असते. वाटाड्या नाव घेतो, पाहुण्याने "मी निघाले" म्हणायचं. तिघांनी म्हटलं.

"चिलुफ्या, बिबट्याच्या कुळातली."

शांतता.

"चिलुफ्या!" म्हाताऱ्याचा आवाज चढला. "आता तर मागे होती. कुठे राहिली?"

मुसोंदाला राहवेना. ती रडायलाच लागली. "ती आलीच नाही आजोबा. ती घरी झोपलीय. मी खोटं बोलले."

रा त्शेको खाली दगडावर बसला. 

"तुम्ही लोक दोन वर्षांसाठी येता," तो म्हणाला. त्याचा आवाज रागाने कापत होता. "फोटो काढता आणि जाता. मी इथेच राहतो. मी जिला पाहुणी म्हणून आत सांगितलं, ती आत आली. अख्खी वाट माझ्या मागे चालली. आता तिने स्वतः निरोप घेतल्याशिवाय मी तिला बाहेर कसा काढू?"

मुसोंदाने फोन लावला. घंटा वाजत राहिली. पुन्हा लावला. पुन्हा तेच.

ताफाराने गाडी कशी हाणली ते त्यालाच ठाऊक. सव्वातीनला ते घरी पोचले. मीही आवाज ऐकून शेजारून धावत गेले. हे पुढचं मी डोळ्यांनी पाहिलंय.

ती पलंगावर झोपली होती. श्वास चालू होता, नाडी उत्तम होती.

"चिलुफ्या! ए चिलुफ्या!" मुसोंदा तिला गदागदा हलवत होती. "ऊठ गं! बिबट्या, ऊठ!"

काही नाही.

ताफारा घाबरून दारातूनच ओरडला, "सिस्टर ग्रेस!"

तिने डोळे उघडले.

"काय झालं? एवढी गर्दी कशाला?" ती हसली. छान, गोड हसली.

त्या दिवसापासून ती कधीच चिडली नाही. कामात चोख. रुग्णांना आवडायची. ग्रेस म्हटलं की लगेच "ओ". पण चिलुफ्या म्हटलं की मान वळत नसे. कानाशी ओरडलं तरी नाही. बहिरं माणूस निदान ओठांकडे बघतं, ही तेही करत नव्हती. मुसोंदाने टोमणे मारून पाहिले, शिव्या दिल्या, शेवटी पाया पडली.

"कोणाला हाक मारतेयस गं?" ती प्रेमाने विचारायची.

पुढच्या शनिवारी मुसोंदा तिला घेऊन घळीपाशी गेली. रा त्शेकोने नाव घेतलं. मुसोंदाने शिकवल्याप्रमाणे ग्रेसने "मी निघाले" म्हटलं.

म्हाताऱ्याने मान हलवली. "ही बोलली. पण हिला मी कधी आत सांगितलंच नव्हतं."

ऑक्टोबरात करार संपला. ग्रेस कसामाला गेली. मुसोंदाने मुदत वाढवून घेतली. जंगल बघण्यासाठी नाही. आता ती प्रत्येक सुट्टीला घळीच्या तोंडाशी जाऊन हाका मारत बसायची. घसा बसेपर्यंत. आतून काही यायचं नाही, आणि सोमवारी ती माझ्यावर, रुग्णांवर, कपाटाच्या दारावर चिडायची.  चूक तिची होती, आणि तिला ते माहीत होतं.

डिसेंबरात ग्रेसच्या आईचा फोन आला.

"मुसोंदा, तू माझ्याकडे कोणाला पाठवलंयस?"

म्हातारी थांबलीच नाही.

"पोरगी गुणी आहे. स्वयंपाक करते, पाय चेपते. पण मी माझ्या लेकीला हाक मारते, तेव्हा ती ओ देत नाही. मी ठेवलेलं नाव आहे ते! खरं सांग. माझी लेक कुठे आहे?"

मुसोंदाने खरं सांगितलं.

चौथ्या दिवशी म्हातारी आमच्या गावच्या बसथांब्यावर उतरली. दोन देश ओलांडून, एक बोचकं घेऊन, एकटी. मुसोंदाच्या कानाखाली एक सणसणीत लगावली आणि म्हणाली, "चल, दाखव कुठे."

मीही गेले त्यांच्याबरोबर. भर दुपार होती. पाऊस नाही, वारा नाही.

म्हातारी घळीच्या तोंडाशी उभी राहिली. आवाज चढवलाच नाही तिने. अंगणातून जेवायला बोलवावं तशी हाक मारली.

"चिलुफ्या..."

आणि आतून आवाज आला.

"मायो? आई? अगं, किती उशीर केलास! केव्हाची वाट बघतेय मी!"

चिडलेला. रडवेला. तिचाच. देवाशपथ सांगते, तिचाच आवाज होता तो. मी दोन वर्षं शेजारी राहिलेय तिच्या.

म्हातारी आत धावली. रा त्शेको, मुसोंदा आणि मी, तिघांनी मिळून तिला धरलं. संध्याकाळपर्यंत ती हाका मारत राहिली, आतून ओ येत राहिली. पण बाहेर काही कोणी आलं नाही.

या गोष्टीला आता दीड वर्ष झालं. म्हातारी परत गेलीच नाही. घळीच्या खालच्या गावात एक खोली घेऊन राहते. रोज सकाळी वर जाते, लेकीशी बोलते, ऊन उतरलं की खाली येते. आम्ही खूप समजावलं. ती म्हणते, "जी ओ देते ती माझी. तिकडे घरात कोण आहे ते मला माहीत नाही."

आणि दर रविवारी मुसोंदाला कसामाहून फोन येतो.

मागच्या रविवारी मी तिच्या शेजारीच होते. पलीकडे ग्रेस होती. तिचा आवाज पहिल्यांदाच मला तसा वाटला... थकलेला, त्रासलेला. आपल्यापैकी कोणाचाही असावा तसा.

"मुसोंदा, आईला सांग ना गं. मी इथे घरी आहे. मीच आहे. ती मला सोडून तिथे कोणाशी बोलतेय?"

मुसोंदाने फोन माझ्या हातात दिला. 

मला विचाराल, तर खरी कोण, ते मलाही माहीत नाही.