खटक्याचा हात आणि हिरवी जिल्द

“टेबलावर ठेवले होते, म्हणजे नक्की कुठे?” एकनाथरावांनी चष्म्यावरून पाहत विचारलं.

“तुमच्यासमोर. इथे.” केतकीने टेबलाच्या कोपऱ्यावर बोट टेकवलं. हे ती आज चौथ्यांदा सांगत होती. “मागच्या महिन्यात, बांधणीसाठी वाचनालय बंद होण्याआधीच्या शनिवारी. तुम्ही फोनवर बोलत होता. हातानेच खूण केलीत, ठेव म्हणून.”

“मग इथंच असायला पाहिजेत. हैत का?”

टेबलावर पंखा होता, शिक्का होता, पाण्याची बाटली होती. कॉमिक्स नव्हती. अशा प्रश्नाला काय उत्तर द्यायचं असतं, ते मोठ्या माणसांनी एकदा लिहून तरी द्यावं.

एकनाथरावांनी तिचं कार्ड ड्रॉवरमध्ये टाकलं. “अध्यक्षबाईंची सही झालेली हाय. दोन्ही अंक मिळेपर्यंत कार्ड बंद. आणि मुलांच्या कपाटाला आजपासून कुलूप. उघडं ठेवलं की हे असं होतं, मी आधीच सांगितलो होतो.”

त्यांनी खरोखरच उठून कुलूप लावलं आणि किल्ली शर्टाच्या खिशात टाकली. कपाटाशी उभ्या असलेल्या छोट्या बबलूच्या हातात तेव्हा परीकथांचं पुस्तक होतं, तेही आत गेलं.

हैदराबादमधल्या विद्यानगरच्या मराठी मंडळाचं हे वाचनालय म्हणजे सभागृहावरची एक खोली. निवृत्त झाल्यापासून एकनाथराव ते विनामोबदला सांभाळत होते. माणूस प्रामाणिक. फक्त आपल्या हातून चूक होऊ शकते, हे त्यांना कोणी कधी सांगितलेलं नव्हतं.

केतकीला रडू येत नव्हतं, संताप येत होता. तेरा वर्षांच्या आयुष्यात तिने एकही पुस्तक हरवलेलं नव्हतं. आणि अख्खी सुट्टी ती आता ‘कॉमिक्स हरवणारी मुलगी’ म्हणून काढणार होती, सगळ्या मुलांचं कपाट जिच्यामुळे बंद झालं ती.

बाहेर जिन्यावर तिचा धाकटा भाऊ तेजस आणि मित्र मंदार बसले होते.

“हौ म्हणाले?” मंदारने विचारलं. त्याचं घर चार पिढ्यांपासून हैदराबादचं, त्यामुळे त्याच्या तोंडी ‘हो’च्या जागी नेहमी ‘हौ’ यायचं.

“कुलूप लावलं.”

“मग खटक्याचं काय झालं, ते कधीच कळणार नाही?” तेजस म्हणाला. त्याच्या दृष्टीने खरा प्रश्न हाच होता.

तर हा खटक्या. ‘गगनगस्त’चे सिनेमे तिघांनीही पाहिले होते, मंदारने तेलुगूत आणि या दोघांनी हिंदीत. दुसऱ्या सिनेमाच्या शेवटी खटक्या नावाचा यंत्रमानव एका बर्फाळ चंद्रावर एकटाच मागे राहतो. तिसरा सिनेमा सुरू होतो तेव्हा तो मजेत यानात बसलेला असतो, पण त्याला डावा हात नसतो. हात कुठे गेला, ते सिनेमात कोणी विचारत नाही. सांगतात फक्त कॉमिक्स. त्या दोन सिनेमांच्या मधली गोष्ट सहा अंकांत आहे. पुण्याच्या एका लहानशा प्रकाशकाने ते अंक मराठीत काढले आणि नंतर प्रकाशनच बंद केलं. मंडळात कोणीतरी भेट दिलेला एक संच होता, तेवढाच.

तेजस दहा वर्षांचा. पुण्याहून तारनाक्याला राहायला आल्यापासून शाळेत इंग्रजी, हिंदी आणि तेलुगू, मराठी फक्त घरात आणि तीही तोंडी. जोडाक्षर आलं की त्याची गाडी अडायची. पण खटक्यासाठी तो रोज दोन पानं मोठ्याने वाचायचा, आणि त्याच्या पुढचं पान केतकीनेही उलटायचं नाही, असा करार होता. तिने तो पाळला होता. त्यामुळे पाचव्या अंकाच्या नवव्या पानावर, खटक्याचा हात बर्फाच्या दारात अडकतो तिथे, बहीणभाऊ दोघंही अडकली होती. पाचवा आणि सहावा अंक चार दिवस जास्त द्या म्हटलं, तर एकनाथराव म्हणाले होते, वार्षिक बांधणी आहे, सगळं परत पाहिजे.

“खटक्या काय म्हणतो?” तेजस म्हणाला. “हरवलेली वस्तू शोधू नका. ती शेवटी कोणाच्या हातात होती, त्याला शोधा.”

“माझ्याच हातात होती. तेच तर ते ओरडून सांगतायत.”

“नाही ना,” मंदार म्हणाला. “तू ठेवलीस तिथं तुझा हात संपला. शेवटी टेबलाकडं होती. त्या दिवशी टेबलावर अजून काय होतं?”

केतकी डोळे मिटून आठवेल तसं सांगू लागली. पंखा. फोनवर बोलणारे एकनाथराव. आणि त्यांच्या कोपराशी दिवाळी अंकांचे गठ्ठे, अर्धवट सुतळी बांधलेले.

मंडळाची ही जुनी पद्धत होती. वर्षभर हाताळून खिळखिळे झालेले दिवाळी अंक उन्हाळ्यात सुलतान बाजारच्या बाइंडरकडे जायचे आणि चार-पाच अंकांची एक अशा जाड जिल्दी होऊन परत यायचे.

“गठ्ठ्यात गेली,” तिघं एकदमच म्हणाली.

पण हे एकनाथरावांना पटवणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. नव्या जिल्दी समोर काचेच्या कपाटात उभ्या होत्या. एकदाच उघडून बघू द्या, असं केतकी म्हणाली, तर “तुझं कार्ड बंद हाय.” मंदारने स्वतःचं कार्ड पुढे केलं, तर “मुलांच्या कार्डावर हे कपाट मिळत नसतं.” मग तेजस म्हणाला, आम्ही हात लावत नाही, तुम्हीच बघा. “डोकं नका खाऊ रे. मी स्वतः गठ्ठे बांधलो. दिवाळी अंकात कॉमिक कायकू जाईल?”

तिघं काचेला नाक लावून उभी राहिली. सगळ्या जिल्दी मरून रंगाच्या, एकसारख्या. त्यातून काय दिसणार?

दुसऱ्या दिवशी मंदारची रंजनाआत्या सुलतान बाजारात अस्तराचं कापड घ्यायला निघाली होती. पिशव्या धरण्याच्या अटीवर तिने तिघांना बसमधून बरोबर नेलं. आणि मग मोरपंखी रंगाचं अस्तर जुळवण्यात तिने पाच दुकानं आणि सव्वा तास घालवला. “हा जरा हिरवट नाही का?” ती दर वेळी विचारायची. सहाव्या दुकानाच्या पायरीवर केतकीने हात जोडले, तेव्हा कुठे आत्या म्हणाली, “जा बाबा, बाइंडर त्या गल्लीत चौथा. मी इथंच आहे.”

गफूरचाचांचं दुकान म्हणजे एक मोठं कापायचं यंत्र आणि त्याच्याभोवती उरलेली जागा. खळीचा वास येत होता. मंदारने मंडळाचं नाव घेतलं आणि विचारलं, “चाचा, उसमें एक लोहे के आदमी की किताब थी क्या? रंगीन?”

“हौ, थी ना. दो थी.” चाचांनी सुई बाजूला ठेवली. “मेरे कू मरहट्टी पढ़ना नहीं आता बेटा. साहब हर गठ्ठे पे चिठ्ठी लगाते, क्या के साथ क्या सीना. इस बार एक पे चिठ्ठीच नहीं थी. खाने की तस्वीरां, बीच में लोहे का आदमी. मैं फोन किया. बोले, जैसा बंधा है वैसा सी डालो, टैम नक्को खराब करो.”

केतकी कालपासून जे सांगत होती, ते या माणसाने दोन मिनिटांत सांगितलं होतं, तेही आवाज न चढवता.

“कव्हर निकाल दिया,” चाचा पुढे म्हणाले. “और वो किताब बाकी से उँगली भर चौड़ी थी. बराबर करने को काटना पड़ा.” त्यांनी कोपऱ्यातल्या कातरणाच्या पोत्याकडे बोट दाखवलं.

तेजस बोलणं संपायच्या आतच पोत्यात कोपरापर्यंत गेला होता. पांढऱ्या पट्ट्या, पिवळट पट्ट्या, आणि खाली एक बारीक जुडगा, निळाशार, चांदण्यांचा. बोटभर रुंद. त्याने तो छातीशी धरला. “हाच तो चंद्र आहे, ताई. हा आकाशाचा रंग.”

“ले जा,” चाचा हसले. “और सुनो, मरून रेक्झिन खतम हो गया था. वो एकच जिल्द हरी है.”

हिरवी. आणि कपाटात तर एकही हिरवी नव्हती.

संध्याकाळी एकनाथरावांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, “गफूर काही पण बोलतो.” पण त्यांचा चेहरा जरा उतरला होता. “चिठ्ठी लावायची राहिली असंल एखादी. म्हणून काय कॉमिक शिवून टाकंल का तो?”

“हिरवी जिल्द कुठे आहे?” केतकीने विचारलं.

“पाककृतींची? ती आल्या आल्याच अध्यक्षबाईंनी नेली. दोनदा मुदत वाढवून घेतल्यात. आता त्यांच्या घरी जाऊन त्यांना त्रास देऊ नका.”

तिघं अर्थातच गेली. अध्यक्ष पद्मावतीबाई दोन गल्ल्या पलीकडे राहत. मंडळाच्या गणपतीत मोठी माणसंसुद्धा त्यांच्यासमोर आवाज खाली करत, आणि केतकीचं कार्ड बंद करणाऱ्या कागदावर सही त्यांचीच होती. तरी बेल तिनेच वाजवली.

“तूच ना ती अंक हरवणारी?” दार उघडताच पद्मावतीबाई म्हणाल्या.

“मी हरवले नाहीत,” केतकी म्हणाली. “तुमच्याकडची हिरवी जिल्द आम्हाला दोन मिनिटं बघायची आहे.”

“ती मी वाचतेय.”

“पाककृती?” मंदारने विचारलं.

पद्मावतीबाईंनी उगाचच पदर सारखा केला. एवढ्या मोठ्या बाईला असं अवघडलेलं त्यांनी कधी पाहिलं नव्हतं.

तेजसने मग सरळच विचारलं. “नवव्या पानावर खटक्याचा हात बर्फाच्या दारात अडकतो. तो निघतो का?”

“तुला कसं माहीत?” पद्मावतीबाईंनी दार सताड उघडलं. “आत या. आधी मला हे सांगा, हा पोरगा त्या बर्फात आलाच कुठून? तीन आठवडे डोकं पिकलंय माझं. मला साखर आहे, गोडाधोडाचं नुसतं वाचावं म्हणून आणलं हे बाड. अनारशांच्या पुढे एकदम हा लोखंडी मुलगा. ना नाव, ना सुरुवात. मला वाटलं, दिवाळी अंकातलंच बालसदर असेल. दोनदा वाचलं. आणि विचारायचं कोणाला? या वयात?”

“म्हणजे,” केतकी सावकाश म्हणाली, “मी हरवलेले अंक तीन आठवडे तुमच्याकडे होते. आणि माझं कार्ड बंद.”

पद्मावतीबाईंनी तिच्याकडे पाहिलं. मग जिल्दीकडे. “होय,” त्या म्हणाल्या. “न बघता सही केली मी. चुकलं माझं.” आणि त्यांनी फोन उचलला.

एकनाथराव दहा मिनिटांत घामाघूम होऊन पोचले. पद्मावतीबाईंनी त्यांच्यापुढे जिल्द उघडली. अनारसे, मग खटक्या, मग खमंग चकल्या, सगळं एकाच दोऱ्यात पक्कं शिवलेलं. त्यांनी शिवणीवरून बोट फिरवलं. मग येताना ड्रॉवरमधून आणलेलं केतकीचं कार्ड खिशातून काढून तिच्या हातात दिलं.

“पोरी, गठ्ठा मी बांधलो आणि बोल तुला लावलो,” ते म्हणाले. “तू चारदा सांगितलीस. मी एकदा पण ऐकलो नाही. तुझ्या जागी मी असतो तर दुसऱ्या दिवशी आलोच नसतो.”

केतकीला वाटलं होतं, हे ऐकून खूप बरं वाटेल. वाटलंही, पण राग लगेच गेला नाही. ती फक्त म्हणाली, “आता वाचू द्या.”

तेजस वाचायला बसला. नवव्या पानापासून, मोठ्याने. सुरुवातीला ‘निर्मनुष्य’वर अडखळला, ‘प्रक्षेपण’वर दोनदा. मग गोष्टीने वेग घेतला आणि जोडाक्षरं कधी आली नि कधी गेली, ते त्याचं त्यालाही कळलं नाही. खटक्याचा हात दारात अडकलेला. हात ओढला तर दार कायमचं मिटणार. पलीकडे सुटकेचं यान उभं, आणि मागे चंद्राच्या पोटात खाणीतले कामगार कुठेतरी वाट चुकलेले. खटक्या खांद्याचे स्क्रू स्वतःच सोडवू लागतो.

शेवटचं पान आलं. यानाच्या शिडीवरून खटक्या मागे वळून पाहतोय, आणि कडेला त्याच्या बोलण्याचा फुगा, अर्धा कापलेला.

“हेच ते,” पद्मावतीबाई वैतागून म्हणाल्या. “नेमकं इथेच तोडलंय मेल्याने. पुढचं काय, ते आता कोणाला विचारणार?”

तेजसने खिशात हात घातला. निळ्या पट्ट्यांच्या जुडग्यातली सर्वांत वरची पट्टी काढली; अक्षरं तेवढ्या एकीवरच होती. त्याने ती पानाच्या कडेला लावली, जराशी वर सरकवली, आणि फुगा गोल झाला.

“‘हात इथेच राहू दे,’” तो न अडखळता वाचत गेला, “‘मागून येणाऱ्यांना दार उघडं मिळेल.’”

पद्मावतीबाईंनी चष्मा काढून पदराने पुसला.

“शाबास रे,” त्या तेजसला म्हणाल्या. “आणि तुम्ही दोघंही. मंडळाच्या कमिटीपेक्षा तुमचा तपास बरा.” मग त्या एकनाथरावांकडे वळल्या. “याचे पहिले चार अंक कुठे आहेत?”

“मुलांच्या कपाटात,” एकनाथराव हळूच म्हणाले. “कुलूप लावलो ना मी.”

आपण काय बोललो, ते त्यांच्या लक्षात आलं असावं. त्यांनी पुन्हा एकदा त्या जोडलेल्या फुग्याकडे पाहिलं. मग शर्टाच्या खिशातून किल्ली काढली आणि केतकीच्या हातातल्या कार्डावर ठेवली.