विरुद्ध बाजूचा मुलगा

रस्ता ओलांडायचा, एवढंच तर काम. पण शेजारी उभा असलेला मुलगा आधी बोटाने उजवीकडे दाखवत होता, मग डावीकडे, मग समोर... आणि स्वतःशीच म्हणत होता, “ठीक.” पाऊस भुरभुरत होता, छत्री फक्त माझ्याकडे. मला हसू आवरेना.

“ये क्या है?”

“आदत है. फॅक्टरी की,” तो लाजला.

छत्रीत घेतलं बिचाऱ्याला... आणि पोहोचलो दोघंही एकाच दाराशी! दिल्लीतल्या मयूर विहारच्या मराठी मंडळाचा गणपती, वादविवादाचा विषय ‘इंग्रजी ही जगाची भाषा आहे का?’ मी ‘आहे’ म्हणणार, तो ‘नाही’.

गुडगावच्या नव्या कॉल सेंटरमध्ये मी दिवसभर ‘रीटा’ होऊन सिडनीच्या गिऱ्हाइकांशी बोलायचे. स्टेज दणाणून सोडलं.

मग तो उठला, प्रतीक. “मानेसरला आमच्याकडे जपानी साहेब येतात. त्यांना इंग्रजी येत नाही, आम्हाला जपानी. मशीन सुरू करण्याआधी एकेक गोष्ट बोटाने दाखवायची आणि ठीक म्हणायचं. तरी गाड्या बनतातच ना?”

पहिला नंबर माझा आला. बक्षीस स्टीलचा डबा.

पुढे सरोजिनी नगरच्या बाजारात आम्ही किती भटकलो! तो सगळ्यावर बोलायचा, फक्त माझ्या मनातलं तेवढं बोलायचा नाही. आणि एक दिवस म्हणाला, कंपनी त्याला दोन वर्षांसाठी जपानला पाठवतेय.

निघायच्या दिवशी त्याच्या घराखाली टॅक्सी उभी होती. त्याने बोटाने बॅग दाखवली, पासपोर्ट, तिकीट... “ठीक.” मग बोट माझ्याकडे वळलं, आणि तिथेच थांबलं. पुढचा शब्द काही येईना.

“बोल ना यार... कुठल्याही भाषेत.”

“येतच नाहीये. कुठल्याच.”

मी माझं बोट त्याच्या शर्टाच्या खिशावर टेकवलं. “ठीक. माझ्याकडून... बिल्कुल ठीक.” आणि बक्षिसाचा डबा त्याच्या हाती दिला, शंकरपाळ्यांनी भरून. “वाद तू जिंकलास. पण डबा परत आणायचा हं! आणि डबा रिकामा परत करत नाहीत, माहीत आहे ना?”

तो टॅक्सीत बसला. डबा मांडीवर. काच खाली करून, अगदी हळू म्हणाला, “मंगळसूत्र मावेल ना यात?”

मी उजवीकडे पाहिलं, डावीकडे पाहिलं. वर बाल्कनीत त्याची आई उभी होती. असू दे.

“मावेल,” मी म्हटलं.