आम्ही आणि आपण

वेधशाळेची लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये अडकली होती. दुरुस्तीला मी गेलो. दार फाकवून आत वाकलो, तर ही खाली बसून कागदावर काहीतरी आखत होती.

"बाहेर यायचंय ना, मॅडम?"

"जरा थांबा... इथे फोन लागत नाही. फार बरं वाटतंय."

त्यानंतर ती लिफ्ट सारखी तपासावी लागायची. निदान मी तसं सांगायचो.

जिन्यात चहा पिताना ती तिच्या ताऱ्यांबद्दल सांगायची. दोन तारे एकमेकांना इतके टेकलेत, की वरचं अंग दोघांचं एकच झालंय. एकमेकांभोवती फिरायचा घेर लहान होत चाललाय. कधीतरी मिसळून एकच तारा होईल. शिवाय लांबून एक तिसरा फिरत असावा. तो दिसत नाही, पण त्याच्यामुळे या दोघांचं वेळापत्रक मागेपुढे होतं.

"असावा," ती म्हणायची. "आहे, असं अजून म्हणवत नाही."

तिच्या बोलण्यात सारखं 'आम्ही' यायचं. आम्ही मोजलं, आम्ही जागलो. एकदा म्हणाली, आम्ही महिनाभर डोंगरावरच्या दुर्बिणीवर राहायला जाणार. माझा चहा तसाच राहिला. आम्ही म्हणजे ती आणि कोण? लांबून फिरणारा तिसरा मीच, अशी समजूत करून घेतली आणि तपासणीला दुसऱ्याला पाठवू लागलो.

मग तक्रार आली, मलाच पाठवा म्हणून. गेलो. लिफ्ट ठणठणीत होती. आत ती एकटी.

"आम्ही म्हणजे मी आणि माझे सर," ती म्हणाली. "कवळी पेल्यात ठेवून झोपतात ते." मग बटणांकडे बघत, हळूच — "वर जाऊ या का आपण?"

आपण. या शब्दात मी होतो.

"कितव्या मजल्यावर?"

"तुम्ही दुरुस्त करणारे. तुम्हीच सांगा."

संसार छान झाला. तिच्या शेवटच्या आजारात मी विचारलं, ते दोन तारे मिसळल्यावर मागे कोण उरतं? "असं वेगळं काढता येत नाही रे," म्हणाली.

येतं. मी उरलो.

काल वेधशाळेतून तिच्या विद्यार्थिनीचा फोन आला. तिसरा तारा आहे, नक्की झालं. "आम्हाला फार आनंद झाला," मी म्हणालो. 'आम्ही' कुणालाही सांगता येतं, एकट्या माणसालाही.

फोन ठेवून स्वयंपाकघरात गेलो. "अगं, आपला तो—" म्हणालो, आणि थांबलो.

'आपण' म्हणायला ती समोर लागते.