उरलेले सोळा

दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी, सकाळी अकराच्या सुमारास, कर्नल शर्मिष्ठा भोईटे चाळीस लाख माणसं मारत असे. मग ती तासभर पडून राही आणि साडेबाराला जेवायला बसे.

ती माणसं खरोखर मरत नसत. पण मारताना तिला ते ठाऊक नसे. सगळी मेख तिथंच होती.

उत्तर संघ आणि दक्षिण संघ यांच्यातली शांतता आता एकोणीस वर्षांची झाली होती. त्याआधी दोघांनी एकमेकांवर हजारो अण्वस्त्रं रोखून धरली होती. तू मला मारलंस तर मीही तुला मारल्यावाचून राहणार नाही, या धाकावर जग तगून होतं. पण या धाकाला एक भोक होतं. आपली शहरं जळून गेल्यावर, वाचवायला काहीच उरलेलं नसताना, केवळ दिलेला शब्द खरा करायचा म्हणून कुणी माणूस समोरची लाखो माणसं मारील का? कदाचित मारील, कदाचित ऐन वेळी कच खाईल. शत्रूच्या मनात ही शंका येऊ नये म्हणून दोन्हीकडं अस्त्रांचे ढीग वाढत गेले होते.

ती शंका पुण्याच्या डॉ. नीळकंठ उपळेकरांनी संपवली. माणसाचा हात हलण्याआधी मेंदूत दोन प्रवाह उठतात, एक हात पुढं ढकलणारा आणि एक मागं ओढणारा. उपळेकरांनी दोन्ही मोजायची युक्ती काढली. त्यासाठी माणसाला औषध टोचून ‘भासप्रसंगा’त नेत. हल्ला झालाय, देश गेलाय, चावी समोर आहे, आणि हे सगळं खरंच घडतंय, अशी तेवढ्या वेळापुरती त्याची पक्की खात्री होई. डोक्यावरची जाळीची टोपी दोन्ही प्रवाहांची तुलना करून शून्य ते शंभरमधला एक आकडा देई. तो निर्धारांक. त्यात सोंग चालत नसे, म्हणून शत्रूलाही तो मान्य करावा लागे. खात्री पटली आणि ढिगांची गरज संपली. दोन्ही संघांनी बारा-बारा अस्त्रं ठेवून बाकीची मोडीत काढली. त्या बारांची चावी एकाच चावीधारकाकडं. दर महिन्याला शत्रूच्या निरीक्षकासमोर त्याचा निर्धारांक मोजायचा आणि तासाभरात दोन्ही राजधान्यांत जाहीर करायचा. सत्तरच्या खाली गेला की माणूस बदलायचा.

अशी माणसं विरळ होती. क्रूर माणूस चालत नसे, कारण टोपी त्याचा उतावळेपणाही पकडे. स्वतःहून कधीच चावी न फिरवणारा, पण हल्ला झाल्यावर हटकून फिरवणारा माणूस हवा असे. दक्षिणेची चावी शर्मिष्ठाकडं होती आणि तिचा आकडा सात वर्षं चौऱ्याऐंशीवर खिळला होता. उत्तरेचा चावीधारकही एवढ्या वर कधी गेला नव्हता.

तिचं ठाणं लडाखच्या एका उजाड पठारावर होतं. फोन नाही, इंटरनेट नाही; बाहेरच्या जगाशी संबंध म्हणजे उपळेकरांच्या प्रयोगशाळेतून येणारं टपाल आणि रोजचं सरकारी बातमीपत्र. पहारेकरी दर चाळीस दिवसांनी बदलत. विरळ हवा मानवत नाही म्हणून, असं तिला सांगितलं होतं. एकदा कुठूनसं एक कुत्रं आलं, तिनं टाकलेली पोळी खाऊन दाराशी बसू लागलं, तर तिसऱ्या दिवशी त्याला गाडीत घालून नेलं. रोगराईची भीती, असं कळलं.

तिचं म्हणावं असं माणूस एकच होतं, फलटणची धाकटी बहीण वनमाला. आई गेली तेव्हा वनू सहा वर्षांची होती आणि शर्मिष्ठा अठराची. वनूच्या वेण्या, तिचे डबे, तिचे पाढे, सगळं तिनंच केलं. इकडं निघायच्या दिवशी वनूनं समोरचं ताट सरकवलं होतं. “ताई, असलं काम माणसं करतात होय गं?” एवढंच बोलली होती. शर्मिष्ठानं इथून अकरा पत्रं पाठवली. एकाचंही उत्तर आलं नाही. वनूनं आपल्याला टाकलं, हे तिनं हळूहळू कबूल केलं आणि लिहिणं थांबवलं.

ऑगस्टातल्या मापनाच्या आदल्या दिवशी, भर दुपारी, डॉ. उपळेकर स्वतः ठाण्यावर आले. सत्तरी गाठलेला माणूस, दहा पावलं चालून धापा टाकत होता.

“महिनाअखेर निवृत्त होतोय,” खुर्चीत बसत ते म्हणाले. “एकदा भेटावं म्हटलं.”

“या वयात एवढ्या वर? चिठ्ठी पाठवली असती तरी चाललं असतं, डॉक्टर.”

डॉक्टरांनी खांद्यावरची कापडी पिशवी टेबलावर ठेवली आणि आतून सुतळीनं बांधलेला गठ्ठा काढला. वरच्या पाकिटावरचं अक्षर शर्मिष्ठानं लांबूनच ओळखलं. तिच्या नावातल्या ‘ष्ठ’शी झटापट करून शेवटी त्याचा गोळा करणारी बाई जगात एकच होती.

“त्रेचाळीस आहेत,” डॉक्टर म्हणाले. “कुणी उघडलेली नाहीत. अडवायची, पण वाचायची नाहीत, असा नियम होता.”

“आणि माझी?”

“तीही आमच्याच कपाटात राहिली.”

अगदी शांतपणे तिनं विचारलं, “का?”

“पहिल्या दोन वर्षांत आमचे चार चावीधारक सत्तरच्या खाली घसरले. एकाला मुलगी झाली होती. एकाचं पहारेकऱ्याशी सूत जुळलं, रोज बुद्धिबळ खेळायचे. आम्ही कारण शोधलं. ज्याच्या मनात एक तरी माणूस नांदतं असतं ना, त्याला भासप्रसंगात शत्रूचं शहर नकाशासारखं दिसत नाही. तिथं कुणीतरी भाजी निवडत असतं, कुणी पोरीची वेणी घालत असतं. हात मागं ओढणारा प्रवाह तिथून येतो.”

“मला उलट वाटलं असतं. आपलं माणूस मेलं तर सुडानं हात जास्त जोरात पडेल.”

“सुडाची उकळी फार टिकत नाही, शर्मिष्ठाबाई. आणि ती ज्याच्यात असते तो हल्ल्याआधीच चावीकडं बघू लागतो, टोपी त्याला नापास करते. टिकतो तो एकटा माणूस. म्हणून आम्ही एकटी माणसं... तयार करायला लागलो.”

“म्हणजे पहारेकरी बदलतात ते...”

“हो.”

“आणि ते कुत्रं?”

डॉक्टरांनी मान खाली घातली.

“मग आज हे का आणलंत?”

“तुम्ही वाचाल, उद्या आकडा पडेल, तुम्ही सुटाल. माझ्या हातून एक तरी माणूस घरी परत जावं, एवढंच.”

“समुद्रात दोन्ही आरमारं समोरासमोर उभी आहेत. बातमीपत्र मीही वाचते. आत्ता माझा आकडा पडला तर?”

“राखीव चावीधारक आहे. एकाहत्तर. काठावर आहे, पण निभेल. निभेल बहुतेक.”

“म्हणजे सात वर्षं तुम्ही हे वाहिलंत आणि जाता जाता माझ्या टेबलावर ठेवलंत,” शर्मिष्ठा म्हणाली. “तुम्ही मोकळे झालात, डॉक्टर.”

डॉक्टर पाहुण्यांच्या खोलीत गेले, तेव्हाही ती गठ्ठ्याला हात न लावता बसली होती. न वाचता परत करता आलं असतं. तिच्यासारख्या बाईकडून तीच अपेक्षा होती. तिनं सुतळी सोडली.

वनू भांडली नव्हतीच. पहिल्याच पत्रात तिनं ताटाबद्दल माफी मागितली होती. मग एकामागून एक पत्रं. शाळेत आता सातवीचा भूगोल शिकवते. मांजर तांदळाच्या रिकाम्या डब्यात व्यालं. तुझ्या खोलीत शिवणाचं मशीन ठेवलंय, रागावू नकोस, आलीस की हलवीन. ताई, तिकडं थंडी फार असेल, कान झाकत जा. शर्मिष्ठा मध्येच हसली, आणि स्वतःचं हसू ऐकून दचकली. तिसाव्या पत्रापासून अक्षर तिरपं होऊ लागलं. मूत्रपिंडाचा आजार होता. रजा मिळाली तर एकदा येऊन जा, नाही मिळाली तर काही हरकत नाही, असं वनू लिहीत होती.

त्रेचाळिसावं पत्र दुसऱ्याच हातचं होतं. शाळेतल्या कुणा सहशिक्षिकेनं लिहिलं होतं, फेब्रुवारीत. ‘वनमालाबाई मंगळवारी गेल्या. तुमची वाट पाहत होत्या, पण तुमच्याबद्दल कुणाला वावगं बोलू दिलं नाही. ताईचं काम मोठं आहे, तिला सवड होत नसेल, असंच शेवटपर्यंत सांगत होत्या. अस्थी आम्ही ठेवल्या आहेत. तुमचं उत्तर आलं की विसर्जन करू.’

दुसऱ्या दिवशी मापन झालं. ती शुद्धीवर आली तेव्हा डॉक्टर यंत्रासमोर उभे होते आणि उत्तरेचा निरीक्षक, एरवी चेहऱ्यावरची रेष न हलवणारा माणूस, रुमालानं कपाळ पुसत होता.

“किती?” तिनं विचारलं.

“अठ्ठ्याण्णव,” डॉक्टर पुटपुटले. “असा आकडा आजवर कुठंच आलेला नाही. असं कसं झालं?”

“चौऱ्याऐंशी आणि शंभर यांच्यात सोळा उरतात,” ती म्हणाली. “ती वनू होती. मला वाटायचं तिनं मला टाकलंय, पण ती फलटणला होती, जिवंत होती. राग धरून का होईना, पण होती. आता नाही. शेवटचं पत्र वाचून बघा.”

डॉक्टरांनी पत्र वाचलं आणि घडी घालून परत पाकिटात ठेवलं. तासाभरात आकडा जाहीर झाला. तिसऱ्या दिवशी उत्तरेचं आरमार मागं फिरलं. लोक रस्त्यांवर येऊन नाचले, असं बातमीपत्रात आलं.

निघताना डॉक्टर तिचा हात सोडीनात. “मी तुम्हाला आजारी ठरवतो. वैद्यकीय कारण दाखवून सोडवतो. चला माझ्याबरोबर.”

“कुठं? कुणाकडं?” तिनं हात सोडवून घेतला. “आणि मी उठले तर इथं दुसरं कुणी बसेल. त्याचीही पत्रं अडवाल. मी आहे तोवर कुणाला एकटं पाडायची गरज नाही. जाता जाता तेवढं बघा.”

“बघतो,” डॉक्टर म्हणाले. “शब्द देतो.” मग जरा थांबून म्हणाले, “फलटणला मी स्वतः जाऊन येतो. तुमच्या वतीनं.”

सप्टेंबरमध्ये त्यांच्या जागी नव्या प्रमुख आल्या, डॉ. केतकी मुजुमदार. चाळिशीच्या, चटपटीत, बोलायला गोड. टोपीच्या पट्ट्या आवळता आवळता त्या उत्साहानं सांगू लागल्या, “मॅडम, तुमच्या मापनानं आमचं अख्खं शास्त्र बदललं. आता राखीवांची पत्रं आम्ही अडवत नाही.”

“खरंच?” शर्मिष्ठा उठून बसायला लागली. उपळेकरांनी शब्द पाळला होता तर.

“अगदी वेळच्या वेळी पोचवतो. लग्न झालेल्यांना कुटुंबासह राहायला देतो. एक नवा उमेदवार आहे, त्याची बायको गरोदर आहे, तर तिची सगळी तपासणी आम्हीच करून घेतो. नातं जितकं घट्ट, तितकं बरं. नुसतं एकटेपण चौऱ्याऐंशीपर्यंतच नेतं, हे तुमच्यामुळं कळलं. त्यापुढं जायचं तर आधी काहीतरी...”

त्या थांबल्या. आपण कुणाशी बोलतोय हे त्यांच्या उशिरा लक्षात आलं.

“बोला,” शर्मिष्ठा म्हणाली. “आधी काहीतरी असावं लागतं. आणि मग?”

डॉ. मुजुमदारांनी सुई हातात घेतली. “तो विषय माझ्या अखत्यारीतला नाही, मॅडम. जरा सैल सोडा हात.”

ती आडवी झाली. औषध चढायला मिनिटभर लागतं, हे तिला अनुभवानं ठाऊक होतं. त्या मिनिटात तिला एकच गोष्ट करायची होती. त्या कुठल्याशा गरोदर बाईचा चेहरा डोळ्यांसमोर आणायचा. तो धरून ठेवता आला तर आत गेल्यावर हात अडखळेल, आकडा कोसळेल, आणि या लोकांचं नवं शास्त्र खोटं ठरेल. तिनं डोळे गच्च मिटले. नाक कसं असेल, केस कसे असतील, हसताना कशी दिसत असेल. तिनं जीव तोडून प्रयत्न केला. पण समोर काहीही उमटेना. वनूचाही चेहरा येईना. सपाट, पांढऱ्या पठारासारखं काहीतरी होतं, आणि त्याच्या मध्यावर चावी.

दुपारी दोन्ही राजधान्यांत आकडा जाहीर झाला. शंभर. दोन्हीकडची माणसं निर्धास्त मनानं आपापल्या कामाला लागली.